भय बाळगूनही पुढे जाणारा सेवक

शास्त्रपाठ : नहेम्या २:१-१८, ६:१०-१५

धैर्य म्हणजे भयाचा अभाव, असा आपला समज असतो. म्हणून मंडळीत एखादी जबाबदारी पुढे आली की आपण म्हणतो, "माझी भीती गेली की मग पाहू." पवित्र शास्त्र मात्र निराळी गोष्ट सांगते.

शूशन राजवाड्यातील प्यालेबरदार नहेम्या याने यरुशलेमेच्या पडक्या तटाची वार्ता ऐकली, तेव्हा तो रडला व उपवास करून प्रार्थना करू लागला. किसलेव महिन्यापासून निसान महिन्यापर्यंत, म्हणजे सुमारे चार महिने, हा भार त्याने अंतःकरणात वाहिला. राजाने त्याच्या उदास चेहऱ्याचे कारण विचारले तेव्हा आपण फार भ्यालो, असे तो स्वतःच नमूद करतो (२:२). राजाची मर्जी फिरली असती तर पद गेले असते, कदाचित प्राणही. तरी त्याने तत्क्षणी स्वर्गीय देवाची प्रार्थना केली आणि बोलण्यास आरंभ केला. भय, प्रार्थना व शब्द ही तिन्ही एकाच घटकेत आली. भय ओसरण्याची त्याने वाट पाहिली नाही.

हेच नाव धारण करणारा एक मराठी मनुष्य वाराणसीत होऊन गेला. नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांचा जन्म १८२५ साली झाशीकडील एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला व ते काशीत वाढले. जॉन म्यूर यांनी 'मतपरीक्षा' हा ख्रिस्ती मताचा संस्कृत ग्रंथ लिहिला, तेव्हा विशीतील या तरुण शास्त्र्याने 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' हा ग्रंथ रचून त्यास संस्कृतातच उत्तर दिले. मिशनरी विल्यम स्मिथ यांच्याकडेही ते प्रथम वाद घालण्यासाठीच गेले. परंतु नवा करार वाचताना त्यांच्या मनाचा तळ ढवळून निघाला.

त्या काळच्या काशीत बाप्तिस्मा घेणे म्हणजे काय होते, याचा विचार करा. पंडितांच्या सभेतील मान, जात, पंगत व घर, सारेच पणाला लागत असे. घरच्यांचा शोक तर सर्वांत जड. अशा स्थितीत दि. १४ मार्च १८४८ रोजी जौनपूर येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि ते नहेम्या नीळकंठ झाले.

पण कथा इथे संपत नाही, आणि आपला धडा इथेच सुरू होतो. बाप्तिस्म्याने त्यांच्या मनाची तगमग थांबली नाही. शंका त्यांना आयुष्यभर छळीत राहिल्या. पत्नी लक्ष्मीबाई पुढे त्यांच्या विश्वासात सहभागी झाल्या, परंतु १८५३ साली कन्या एलन लक्ष्मी हिच्या जन्मानंतर लवकरच त्या निवर्तल्या. अशा मनाने व अशा दुःखात त्यांनी कार्य सोडले नाही. १८६० साली 'षड्दर्शनदर्पण' हा त्यांचा हिंदी ग्रंथ प्रसिद्ध झाला. धर्मगुरुपदाचा आरंभ मात्र १८६८ मध्ये, बाप्तिस्म्यानंतर तब्बल वीस वर्षांनी झाला. १८९५ साली मुंबईत त्यांचा अंत झाला.

या जीवनातून तीन गोष्टी शिकाव्यात.

पहिली : भय हे नकाराचे कारण नव्हे. ज्या गोष्टीचे मोल मोठे, तिच्यासमोर मन कापतेच. आज्ञापालनास कापऱ्या मनाची आडकाठी नाही.

दुसरी : धैर्य म्हणजे अविचार नव्हे. नहेम्याने राजाकडे अधिकाऱ्यांच्या नावे पत्रे मागितली, आसाफाकडून लाकूड मागितले, आणि रात्री थोडी माणसे घेऊन तट पाहिला. मगच लोकांस हाक दिली. मात्र प्राणभयाने मंदिरात लपण्याचा सल्ला मिळाला तेव्हा त्याने तो झिडकारला (६:११). तयारीसाठी थांबणे व लपण्यासाठी थांबणे यांतील भेद त्यास कळत होता. तट बावन्न दिवसांत पुरा झाला.

तिसरी : ज्याने शंकेची रात्र काढली आहे, तोच दुसऱ्याच्या रात्री सोबत करू शकतो. पंडिता रमाबाई या स्वतः मोठ्या विदुषी. त्यांच्या प्रश्नांना तयार उत्तरे पुरणारी नव्हती. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि आपल्या विश्वासाच्या वाटचालीत फादर गोऱ्हे यांच्या लेखनाचा वाटा होता, हे त्यांनी मान्य केले. शंकांशी झगडलेला पंडितच शंका घेणाऱ्या पंडितेस समजू शकला. पुढारीपण घडते ते असे. ज्या अवघडपणातून आपण निसटू पाहतो, त्यातच पुष्कळदा दुसऱ्यास देण्याची शिदोरी असते.

आपल्यापैकी कोणाला तरुणांच्या वर्गाची जबाबदारी सोपविली असेल. कोणास दुखावलेल्या भावाच्या दारी समेटासाठी जावयाचे असेल. कोणास पंचकमिटीत हिशेबाविषयी नम्रपणे पण स्पष्ट बोलावयाचे असेल. भय जाण्याची वाट पाहू नका. प्रार्थना करा, तयारी करा आणि पहिले वाक्य बोला.

मननासाठी प्रश्न
१. "तयारी चालू आहे" असे म्हणत मी कोणत्या कामापासून लपत आहे?
२. माझ्या भयाचा अनुभव कोणास आधार देऊ शकेल?
३. या आठवड्यात मी कोणते एक पाऊल उचलीन?

प्रार्थना : हे प्रभो, आमचे भय तू जाणतोस. ते असतानाही तुझी हाक ऐकून उठण्याचे बळ आम्हांस दे. आमेन.