लेकराला सांगता आलं पाहिजे



दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार अशा डोंगरपट्ट्यातल्या गावांत ट्रक आणि ट्रॅक्टर येऊन उभे राहतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. भांडीकुंडी, गोधड्या, शेरडं गाडीत चढतात आणि माणसं पाच-सहा महिन्यांसाठी पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात ऊस तोडायला जातात. लहान लेकरांपैकी काही आईबापाबरोबर फडावरच्या कोपीत राहतात, काही गावात आजीपाशी, तर काही शाळेच्या हंगामी वसतिगृहात.

या मुलांच्या अभ्यासाची चिंता सगळेच करतात, आणि करायलाच हवी. पण सहा ते अकरा या वयात मूल पाढ्यांखेरीज आणखी बरंच काही शिकत असतं. राग आला तर काय करायचं, भांडण झालं तर कसं मिटवायचं, आपलं शरीर कसं जपायचं, कुणाचा स्पर्श नको वाटला तर कुणाला सांगायचं, हे शिकायचं वयही तेच. एरवी हे घरात, चुलीपाशी, आईच्या मांडीवर हळूहळू कळत जातं. आई सहा महिने फडावर असेल तर ते कुठून कळणार? म्हणून प्राथमिक शाळेत हे शिक्षण असावं, असं आता जाणकार सांगतात. आपल्या जिल्ह्याचा याबाबतीतला अनुभव पाहण्यासारखा आहे.

२००९ साली बीड जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या सुमारे ५०० प्राथमिक शाळांत ‘मूल्यवर्धन’ नावाचा उपक्रम सुरू झाला. तो सुरू करणारे शांतीलाल मुथ्था म्हणजे १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर सुमारे १२०० मुलांना पुण्याला नेऊन शिकवणाऱ्या भारतीय जैन संघटनेचे संस्थापक. राज्यघटनेतली न्याय, स्वातंत्र्य, समता, बंधुता ही मूल्यं लहान मुलांच्या रोजच्या वागण्यात कशी उतरतील, हा त्यांचा प्रश्न होता. २०१५ नंतर राज्य शासनाच्या सहकार्याने हा उपक्रम इतर जिल्ह्यांतही गेला.

त्यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती शिकवण्याची पद्धत. आपल्याकडे मूल्यशिक्षण म्हटलं की फळ्याच्या कोपऱ्यात ‘नेहमी खरे बोलावे’ असा सुविचार लिहिला की काम झालं. मूल्यवर्धनात मुलं जोडीने आणि गटाने बोलतात. ‘तुला कशाची भीती वाटते?’ असा प्रश्न गुरुजींनी अख्ख्या वर्गाला विचारला तर पुढच्या बाकावरची दोन मुलं उत्तर देतात आणि बाकीची खाली पाहतात. तोच प्रश्न शेजारच्या मुलाला विचारायला सांगितला तर एरवी तोंड न उघडणारं लेकरूही कुजबुजत का होईना, बोलतं. आपल्या मनातलं दुसऱ्याला सांगता येतं, दुसरा ऐकून घेतो, ऐकून हसत नाही. हे सुविचाराच्या फळ्यावरून येत नाही, सवयीने येतं.

आता नाजूक भागाकडे येऊ. शरीराबद्दल बोलायचं म्हटलं की आपण सगळेच गप्प होतो. २००७ साली शाळांतल्या किशोरवयीन शिक्षणाच्या कार्यक्रमावरून मोठा गदारोळ झाला आणि महाराष्ट्रासह काही राज्यांनी तो थांबवला. ‘असलं शिकवलं तर पोरं बिघडतील’ ही भीती त्यामागे होती. ती आजही अनेक घरांत आहे आणि तिला हसण्यात अर्थ नाही. आईबापाची भीती लेकराच्या काळजीपोटीच असते. पण न सांगण्याचीही किंमत असते आणि ती आपल्या जिल्ह्याने मोजली आहे.

२०१९ साली ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला. विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यात ८२ हजारांहून अधिक स्त्रियांची पाहणी झाली, त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. त्याला कारणं पुष्कळ होती. एक दिवस कामाचा खाडा झाला तर दंड, पाळीच्या दिवसांत धड आडोसा नाही, पाणी नाही, शिवाय काही डॉक्टरांनी घातलेली भीती. पण गर्भाशय म्हणजे काय आणि ते काढल्यावर शरीराचं काय होतं, हे त्यांतल्या किती बायांना कुणी नीट समजावून सांगितलं असेल? पोटात दुखतं तर ‘पिशवी काढून टाका’ एवढंच कानावर पडलेलं.

दुसरी गोष्ट बालविवाहाची. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी शंभरातल्या चाळीसहून अधिक जणींचं लग्न अठराच्या आत झाल्याचं आढळलं. फडावर जाताना वयात आलेली मुलगी कुणाच्या भरवशावर ठेवायची, हा आईबापाचा प्रश्न खरा आहे. पण ज्या मुलीला तिसरीत असताना ‘मला हे नको’ असं म्हणायची सवय लागली नाही, ती आठवीत बोहल्यासमोर ते कसं म्हणणार?

मग लहान मुलांना नेमकं काय शिकवायचं? पहिली-दुसरीत फार थोडं पुरतं. हात, पाय, नाक यांच्याइतक्याच सहजपणे लघवीच्या जागेचंही नाव मुलाला माहीत असावं. ते नाव घेतल्याबद्दल चापट बसू नये. नाव नसलेल्या जागेबद्दल लेकरू तक्रार तरी कशी करणार? चड्डीखाली झाकलेला भाग आपला स्वतःचा असतो. अंघोळ घालताना आई-आजी किंवा आईसमोर तपासताना डॉक्टर सोडले तर तिथे कुणी हात लावायचा नाही, मग तो मामा असो, शेजारचा दादा असो की शाळेतला कुणी. चौथी-पाचवीत मुलींना पाळीबद्दल ती येण्याआधी सांगावं. उशिरा सांगितलं तर मुलगी रक्त पाहून घाबरते आणि शाळेच्या शौचालयात रडत बसते. मुलग्यांनाही एवढं कळायला हवं की यात चिडवण्यासारखं काही नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. गुपितं दोन प्रकारची असतात, हे मुलांना समजावून सांगा. ताईच्या वाढदिवसाला फ्रॉक आणलाय, तो दिवस येईपर्यंत सांगायचं नाही, हे मजेचं गुपित. ‘हे आईला सांगितलंस तर मारीन’ किंवा ‘सांगू नको, चॉकलेट देतो’ हे वाईट गुपित, आणि ते त्याच दिवशी सांगायचं. घरच्या घरी खेळासारखं हे करता येतं. आजीने एकेक प्रसंग सांगावा आणि नातवाने ‘सांगायचं’ की ‘जपायचं’ ते ओळखावं.

लेकराने खरंच काही सांगितलं, तर आपली परीक्षा तिथे सुरू होते. ‘तू तिथं गेलीसच कशाला?’ हे वाक्य तोंडून गेलं की दार बंद झालं. आधी पूर्ण ऐका. ‘बरं केलंस सांगितलंस’ असं म्हणा. प्रकरण गावात दाबून टाकू नका. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार मुलावर असा अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, मग करणारा कितीही जवळचा असो. १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन फुकट आहे आणि मूल स्वतःही तो लावू शकतं. अठराच्या आत लग्न ठरत असेल तर गावचे ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

शाळेतही एक चौकशी करा. मार्च २०२२ च्या शासन निर्णयानुसार शाळांमध्ये ‘सखी सावित्री’ समिती असायला हवी. तुमच्या शाळेत ती आहे का, सदस्य कोण आहेत, त्यांची नावं मुलांना दिसतील अशी लावली आहेत का, हे पुढच्या पालकसभेत विचारा. ज्या गावात हंगामी वसतिगृह चालतं तिथे मुलांना जेवू घालणाऱ्या बाईशीही बोलून ठेवा. मुलं रात्री काही सांगतील तर तिलाच सांगतील.

जे आईबाप फडावर आहेत त्यांनी काय करावं? आता बहुतेक टोळ्यांत फोन असतो. रात्री आई फोन करते आणि विचारते, जेवलास का, शाळेत गेलास का, आजीला त्रास देत नाहीस ना. लेकरू तिन्हींना ‘हो’ म्हणतं आणि फोन संपतो. त्यानंतर आणखी एक प्रश्न विचारावा : आज तुला कशाचं वाईट वाटलं? आणि मग घाई न करता थोडं थांबावं. पहिले आठ-दहा दिवस ‘कशाचंच नाही’ एवढंच उत्तर येईल. तरी रोज विचारावं.