तगलेल्यांची यादी

सांगली

चि. मनू,


ट्रान्सफॉर्मरच्या बिघाडाच्या मॉडेलसाठीचा तुझा तक्ता पाहिला. चाळिशी ओलांडलेले ट्रान्सफॉर्मर पंधरा वर्षांच्यांपेक्षा कमी जळतात असं त्यात निघतंय, म्हणून वयाचा रकानाच काढून टाकायचं तुझ्या मनात आहे. एवढ्यात काढू नकोस. या नोंदी कोणत्या सालापासूनच्या आहेत ते आधी विचार. त्याआधी जे जळाले ते भंगारात गेले, त्यांचा कागदही उरला नाही. तुझ्या हाती आलेत ते फक्त तगलेले. अमेरिकेतल्या हाँग, मीकर आणि मॅकॅली यांच्या 2009 च्या निबंधात हीच अडचण आहे. त्यांना मिळालेल्या वीज कंपनीच्या धड नोंदी 1980 पासूनच्या. अशा वेळी 1962 साली बसवलेला ट्रान्सफॉर्मर हिशेबात घ्यायचा तो वयाच्या 18 व्या वर्षी. जन्मापासून धरलास तर ती 18 वर्षं त्याला फुकटची मिळतात.

दुसरी गफलत उतरवलेल्यांची. तुमच्या बंगळुरूतल्या बेळ्ळंदूरसारख्या भागात शेतांच्या जागी टॉवर उभे राहिले, लोड वाढला, की धडधाकट ट्रान्सफॉर्मरही अपुरा पडतो म्हणून काढतात. तो बिघडलेला नव्हे, पण यादीतून वगळायचाही नाही. इतकी वर्षं न बिघडता चालला, ही माहितीच आहे. रजिस्टरात मात्र जळालेल्यापुढेही 'बदलला' आणि याच्यापुढेही 'बदलला'! हे दुखणं जुनंच.

बरं, बसवल्याची तारीख म्हणजे तरी खरं वय कुठे? ट्रान्सफॉर्मरचं आयुष्य वाइंडिंगवरच्या कागदाइतकं. तेल बदलता येतं, कागद नाही. नव्या कागदाच्या रेणुसाखळीत हजारभर कड्या असतात. त्या 200 वर आल्या की कागद शॉर्टसर्किटचा झटका सोसत नाही. साध्या कागदाचा झिजण्याचा वेग तापमानातल्या दर 6 अंशांच्या वाढीला दुप्पट होतो. तेव्हा वर्षांपेक्षा लोड आणि तापमानाची लॉगबुकं मागव. देताना कुरकुर करतील, तरी मागव.

डीजीएचे, म्हणजे तेलात विरघळलेल्या गॅसच्या तपासणीचे, आकडे वाचताना एक सांभाळ. तेलात ॲसिटिलीन वाढत गेलं तर आत कुठेतरी आर्किंग होतंय, हे तुला ठाऊक आहे. पण व्हॅक्यूमखाली तेल फिल्टर केलं की विरघळलेला गॅस निघून जातो. पुढच्या महिन्याचा नमुना स्वच्छ येतो आणि तुझं मॉडेल म्हणतं, रोगी बरा झाला. दोष जागच्या जागी असतो. म्हणून प्रत्येक आकड्याशेजारी फिल्ट्रेशनची तारीख हवीच. ती बहुधा संगणकात नसते, ऑपरेटरच्या वहीत असते.

आणि तुमचं ते बेळ्ळंदूरचं तळं! 2017 आणि 2018 मध्ये आग लागली तेव्हा सगळ्यांनी फोटो काढले. पण सांडपाणी कुजून उठणारा हायड्रोजन सल्फाइड रोजच असतो, आणि तो तांब्या-चांदीला काळं पाडतो. ट्रान्सफॉर्मरची टाकी बंद असते, तिला त्याचं फारसं काही नाही. शेजारच्या पॅनेलमधल्या रिलेच्या कॉन्टॅक्टना आहे. आणि दोष आला तेव्हा वेळेवर रिले चालला नाही तर ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. तळ्यापासूनचं अंतर तुझ्या तक्त्यात कुठे दिसलं नाही.

1960 पासूनची केंद्रीय वीज संशोधन संस्था, म्हणजे सीपीआरआय, तुझ्याच शहरात आहे. सुट्टी काढून तिथल्या तेल-कागद तपासणाऱ्या मंडळींना भेट. तोवर साहेबांना ही तगलेल्यांची यादी पाठवू नकोस. उतरवलेल्यांचा रकाना भरलास की आधी मला दाखव.

तुझा,
मामा