ब्रेक लागत नाही, आता?

पवईत आयआयटीच्या एअरोस्पेस विभागात विमान शिकता येतं, चालवायला मात्र बाहेर जावं लागतं. जुहूचा बॉम्बे फ्लाइंग क्लब 1928चा. त्याचं प्रशिक्षण धुळ्याला चालतं. तिकडे निघालेल्या पोरापोरींसाठी ही कृती, सेसना 172 धरून. चाकं जमिनीवर असतानाही धोका टळत नाही: ऑगस्ट 2025मध्ये बारामतीत प्रशिक्षण विमानाच्या पुढच्या चाकाने दगा दिला आणि विमान धावपट्टी सोडून गवतात गेलं. वैमानिक सुखरूप राहिला.

चाकांना चोक, म्हणजे अडवायचे ठोकळे, असतानाच उकिडवे बसा. मुख्य चाकाच्या आतल्या बाजूला ब्रेकची डिस्क दिसते. तिथल्या नळीवरून बोट फिरवा. तांबडं तेल लागलं तर ते ब्रेकचंच. विमान हलवू नका, मेकॅनिकला हाक मारा.

इंजिन सुरू करून चोक काढले, विमान जेमतेम सरकलं, की लगेच चवड्यांनी दोन्ही ब्रेक दाबून बघा. शेजारी बसलेल्या प्रशिक्षक सरांनाही त्यांच्या बाजूने दाबू द्या. ही तपासणी पार्किंगमधून बाहेर पडायच्या आतच. पुढे वेग आला की उशीर झाला.

टॅक्सी करताना पेडल भसकन आत गेलं, तर थ्रॉटल पूर्ण मागे. ब्रेक दोन-तीनदा पंप करा. पार्किंग ब्रेकच्या भरवशावर राहू नका, तो त्याच तेलावर चालतो. एकाच बाजूचा ब्रेक लागत असेल तर तो जोरात दाबू नका, विमान गर्रकन त्या अंगाला फिरेल. पेडलने पुढचं चाक अजून वळतं, पण दहाएक अंशच. त्यापुढचं वळण ब्रेकवर असतं. म्हणून मोकळं गवत लवकर हेरा. तरीही थांबत नसेल तर मिक्श्चर ओढून इंजिन बंद करा. विमान वाचवायचा मोह इथेच नडतो: पंखाचा पत्रा बदलता येतो, समोर मात्र माणसं आणि इंधनाचा टँकर असतो.

थांबल्यावर मॅग्नेटो आणि इंधनाचा कॉक बंद, रेडिओवर कळवा, मग मास्टर बंद. प्रॉपेलर थांबेपर्यंत दार उघडू नका. उतरून शेपटीकडे चालत जा.

कुणी उड्डाणासाठी विमानात चढल्यापासून सगळे उतरेपर्यंत घडलेलं अपघातात मोडू शकतं, चाकं जमिनीवर असली तरी. त्यामुळे विमान ढकलत हँगरला नेऊ नका. सर डीजीसीएला आणि अपघातांचा तपास करणाऱ्या एएआयबीला कळवतील. परवानगी येईपर्यंत विमान जागेवरच राहू द्या. नुसता ब्रेक किंवा टायर गेला तर अपघात म्हणत नाहीत, पण लॉगबुकात त्याच दिवशी लिहा.