शब्द आधी, भावार्थ नंतर



पाठ्यपुस्तकातील कविता समोर आली की आपल्यापैकी बरेच जण आधी गाइड उघडतात. भावार्थ पाठ होतो, गुणही मिळतात. कविता मात्र तिथेच राहते. त्याऐवजी आधी कवितेची किंवा नाटकाची भाषा पाहा. इथे कोणता ध्वनी आहे, शब्दाचे कोणते रूप आहे? मग विचारा, लेखकाने नेमके हेच का निवडले? पहिला प्रश्न व्याकरणाचा, दुसरा साहित्याचा.

प्रथम गझल घेऊ. मतला, काफिया, रदीफ हे शब्द तुम्हांला उर्दूच्या तासाला भेटतात; मराठी गझलेतही तेच चालतात. फारसीचे प्राध्यापक असलेल्या माधव जूलियन यांचा 'गज्जलांजली' १९३३ साली निघाला. त्याच्या आदल्या वर्षी, १९३२ मध्ये, अमरावतीत सुरेश भटांचा जन्म झाला. पुढे मराठी गझल लोकांच्या ओठांवर आली ती त्यांच्यामुळे. त्यांच्या १९८३ सालच्या संग्रहाचे नाव 'एल्गार'. उर्दूत हाच शब्द 'यलगार', म्हणजे चढाई. मराठीत येताना 'य' चा 'ए' झाला आणि अर्थही थोडा सरकला. मराठीत लोक अन्यायाविरुद्ध एल्गार पुकारतात. हा कवी रडगाणे गाणार नाही, हे मुखपृष्ठावरच कळते.

आता 'ळ' पाहू. उर्दूत हे अक्षर नाही, म्हणून आपण सहज 'ल' म्हणून जातो. पण 'मूळ' म्हणजे झाडाचे, आणि 'मूल' म्हणजे लेकरू. 'वेळ' घड्याळात असते, 'वेल' मांडवावर चढते. कवितेत 'ळ' चा यमक असेल आणि आपण 'ल' वाचला, तर अर्थ आणि नाद दोन्ही गेले.

वऱ्हाडीत मात्र याच 'ळ' चा बहुधा 'य' होतो. काळा तो 'काया', डोळा तो 'डोया'. अकोल्याकडचे कवी विठ्ठल वाघ यांच्या वऱ्हाडी कवितांत हा 'य' जागोजागी ऐकू येतो. कोणी त्याला अशुद्ध म्हणतात. मला ते पटत नाही. जो बदल इतक्या शब्दांत सारखाच होतो, तो चूक नसून बोलीचा नियम आहे. तेथे 'ळ' घालून पाहा, बोलणारा शेतकरी नाहीसा होऊन त्याच्या जागी शहरातला पाहुणा उभा राहील. तुम्ही बाजारात ऐकता ते 'तो येऊन राहिला' हेही असेच. 'वो आ रहा है' याच्या ते किती जवळ आहे! परीक्षेत 'येत आहे' लिहा, पण नाटकातील पात्राच्या तोंडचे दुरुस्त करू नका.

नाटकात तर भाषा हीच ओळख. महेश एलकुंचवार यवतमाळ जिल्ह्यातील पारव्याचे. त्यांचे 'वाडा चिरेबंदी' १९८५ साली रंगभूमीवर आले. वडील वारले आहेत, मुंबईचा मुलगा आणि सून गावच्या वाड्यात आले आहेत. वाड्यातल्या माणसांचे बोलणे आणि मुंबईच्या सुनेचे बोलणे वेगवेगळे आहे. घर दुभंगत चालले आहे हे कोणी सांगण्यापूर्वी कानाला कळते.

येथे उर्दू घरातल्या वाचकाने एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. आपण 'अम्मी, आप' म्हणतो. मराठी घरात मुलगा 'आई, तू' म्हणतो, आणि वडिलांना बहुधा 'तुम्ही'. हे 'तू' बेअदबीचे नाही, जवळिकीचे आहे. पण तोच मुलगा एखाद्या प्रसंगी आईला अचानक 'तुम्ही' म्हणू लागला, तर समजा काहीतरी तुटले आहे. उर्दूच्या कानाला तो आदर वाटेल आणि सगळा प्रसंग उलटा समजेल.

करून पाहा : तुमच्या पुस्तकातील एखादा नाट्यप्रवेश घ्या. त्यातील प्रत्येक 'तू' च्या जागी 'तुम्ही' घाला, क्रियापदेही बदला आणि दोघांनी मोठ्याने वाचा. कोण कोणापासून दूर गेले, ते वहीत लिहा.