पेडल नाही, मग क्लचप्लेट कशी जळेल?

प्रश्न : माझी एएमटी गाडी चार वर्षं जुनी आहे. खंबाटकी घाटात चढावर कोंडीत अडकलो तेव्हा जळका वास आला. मेकॅनिक म्हणतो, क्लचप्लेट बदला. क्लचच नसलेल्या गाडीत प्लेट कुठली? मला फसवतोय का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : लगेच संशय घेऊ नका. तुमच्या गाडीत पेडल नाही, क्लच आहे. २०१४ च्या सेलेरिओपासून आपल्याकडे रुळलेली एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच. तुमच्या डाव्या पायाचं काम तेवढं यंत्रणा करते.

चढावर गाडी अ‍ॅक्सिलरेटरवर तोलून धरली, की प्लेट अर्धवट टेकून घासत राहते आणि तापते. ही सवय फार जणांना असते! थांबताना ब्रेक दाबा, जास्त वेळ थांबायचं तर न्यूट्रल आणि हँडब्रेक. इंच इंच सरकू नका. पुढे थोडी जागा होऊ द्या, मग निघा.

एकदा वास आला म्हणजे प्लेट गेलीच असं नाही. वरच्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनचा आवाज चढतो पण वेग वाढत नाही, असं होतंय का? होत असेल तर बदला आणि काढलेली प्लेट बघायला मागा. नवी बसवल्यावर स्कॅनर लावून क्लचचं सेटिंग करावं लागतं, त्यामुळे ती सोय असलेलंच वर्कशॉप गाठा.

सीव्हीटी किंवा टॉर्क कन्व्हर्टरवाल्यांचं गणित वेगळं. तिथे गिअरबॉक्सचं ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच घाला, दुसरं चालत नाही.