प्रेशर वॉशरचे पेट्रोल-एंजिन

बसगाड्यांवरचा चिखल पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने उडविणाऱ्या ‘प्रेशर वॉशर’ यंत्रात पंप फिरविण्याचे काम एंजिन करते. दर मिनिटास १५ लिटर पाणी २०० बार दाबाने सोडावयाचे, तर पाण्यालाच ५ किलोवॅट शक्ती लागते. पंपातील घर्षण धरता ती सुमारे ६ किलोवॅट, म्हणजे ८ अश्वशक्ती होते. मग ८ अश्वशक्तीचे एंजिन पुरेल काय? बंगळूरमध्ये तर नाहीच. हे नगर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसले आहे. तेथील हवा विरळ असल्याने सिलिंडरमध्ये प्राणवायू कमी शिरतो व एंजिनाची शक्ती जवळजवळ दशांशाने घटते. शिवाय एंजिनावर छापलेला आकडा बहुधा कमाल शक्तीचा असतो. दिवसभर त्या मर्यादेवर राबविलेले एंजिन तापते आणि लवकर झिजते. म्हणून तेथील व्यावसायिकाने १२-१३ अश्वशक्तीचे, सिलिंडरला ओतीव लोखंडाचे अस्तर असलेले एंजिन घ्यावे. वंगण कमी होताच आपोआप थांबणारे मिळाल्यास उत्तम.

इंधनाकडेही पाहिले पाहिजे. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलच्या विक्रीचा आरंभ फेब्रुवारी २०२३ मध्ये बंगळूर येथेच झाला. इथेनॉल ओलावा शोषून घेते. हे मिश्रण एंजिनास चालते की नाही, ते खरेदीपूर्वीच माहितीपुस्तिकेत पाहावे. आणि यंत्र काही आठवडे बंद राहणार असेल, तर कार्ब्युरेटर रिकामा करून ठेवावा.