रक्ताचा कंट्रोल चार्ट

पुनावळ्याच्या अंडरपासमधून सकाळी सहाला सायकल काढली की अर्धा तास तरी रस्ता आपला असतो, नंतर तो डंपर आणि कंपनीच्या बसगाड्यांचा. मी आणि माझा रूममेट रोज जायचो. जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर झाली आणि त्याच्या डोक्यात युनिव्हर्सिटी टीमचं वेड शिरलं. पाठोपाठ रूमवर एक डबा आला. जिममधल्या कुणीतरी दिलेली 'स्टॅमिना पावडर'. लेबलवर घटक काय, तर नुसतंच 'स्पेशल ब्लेंड'. त्या डब्यापायी मी हे सगळं वाचत बसलो.

सायकलिंगमधला मोठा घोळ रक्ताचा. ईपीओ हे हार्मोन आपली किडनीच बनवते. त्याने तांबड्या पेशी वाढतात, स्नायूंना ऑक्सिजन जास्त मिळतो. तेच इंजेक्शनने घेतलं की घाटात दम टिकतो. १९९० च्या दशकात ते पकडणारी टेस्टच नव्हती, ती आली २००० साली. तोवर उपाय म्हणून १९९७ मध्ये हिमॅटोक्रिटची, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींच्या टक्केवारीची, मर्यादा पुरुषांसाठी ५० ठरली. १९९९ च्या जिरो दि इटालियात आघाडीवर असलेला मार्को पांतानी ५२ भरला आणि स्पर्धेबाहेर गेला. पण हे आपल्या वर्कशॉपमधल्या गो–नो गो गेजसारखं झालं. ज्याचं मूळचं ४२, त्याला ४९ पर्यंत रान मोकळं! लान्स आर्मस्ट्राँगची सातही टूर विजेतेपदं काढून घ्यायला २०१२ उजाडलं, तेही मुख्यतः सहकाऱ्यांच्या साक्षींवर.

२००८ मध्ये बायोलॉजिकल पासपोर्ट आला. चाकणला इन-प्लांट ट्रेनिंग केलेल्यांनी कंट्रोल चार्ट आठवावा. इथे मर्यादा सगळ्यांना एकच नाही, प्रत्येकाच्या स्वतःच्या जुन्या रीडिंगवरून ठरते. ईपीओ घेतलं की कोवळ्या तांबड्या पेशी वाढतात. बंद केलं की हिमोग्लोबिन चढलेलंच, पण कोवळ्या पेशी एकदम कमी. औषध सापडो न सापडो, चार्ट बोलतो.

"पण डब्यात काय आहे हे मलाच माहीत नसेल, तर माझी काय चूक?" रूममेटने विचारलं. मी त्याला नरसिंग यादवचं प्रकरण सांगितलं. तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेला पैलवान. २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या तोंडावर नमुन्यात मेथँडिएनोन हे स्टेरॉइड सापडलं. कुणीतरी घातपात केला, असं त्याचं म्हणणं. नाडाच्या समितीने ते मानून त्याला सोडलंही. पण वाडा क्रीडा लवादात गेली आणि रिओतल्या कुस्तीच्या आदल्या दिवशी, १८ ऑगस्टला, ४ वर्षांची बंदी आली. नियमच असा आहे, की अंगात सापडलेल्या पदार्थाची जबाबदारी खेळाडूची, आणि तो कसा आला हे दाखवायचं कामही त्याचंच. मला हा नियम निष्ठुर वाटतो. पण दुसरा कोणता ठेवला तर 'मला माहीत नव्हतं' म्हणून सगळेच सुटणार नाहीत, हे काही सुचत नाही.

रूममेट बराच वेळ गप्प होता. डबा अजून कपाटावर आहे, सील न फोडलेला. निवड चाचणी पुढच्या महिन्यात आहे.